निकोटीन गम: तलफेवर चोख, पाकिटावरची माहिती अपुरी

सिगरेट सोडणाऱ्यांसाठीचा हा गम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळतो. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर ४ चा घ्यावा, नाहीतर २ पुरतो. साध्या च्युइंगमसारखा कचाकचा चावला तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं आणि उचकी, जळजळ, मळमळ सुरू होते. सावकाश चावायचा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये सारून ठेवायचा, त्या ओसरल्या की पुन्हा चावायचा. एक गम अर्धा तास चालतो. आधीची १५ मिनिटं कॉफी किंवा सरबत नको. तोंड आंबट असेल तर निकोटीन नीट शोषलं जात नाही.

तलफेसाठी पाचपैकी साडेचार गुण. अडचण चिंतेची गोळी चालू असलेल्यांची आहे. काही पाकिटांवर बारीक अक्षरांत नैराश्याच्या आणि दम्याच्या औषधांची मात्रा बदलावी लागू शकते असा उल्लेख असतो, पण कारण कुणी सांगत नाही. या माहितीला दीडच गुण.

कारण असं: धुरातल्या डांबरी घटकांमुळे यकृतातलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम वाढतं आणि काही औषधांचा फडशा लवकर पाडतं. नैराश्य आणि चिंतेवरच्या ड्युलॉक्सेटिनची रक्तातली पातळी सिगरेट ओढणाऱ्यांत सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. चिंतेवरच्या अल्प्राझोलामची पातळीही धूम्रपानाने निम्म्यापर्यंत उतरू शकते. नैराश्य-चिंतेवरच्याच एस्सिटालोप्रॅमला मात्र फारसा फरक पडत नाही. एन्झाइम वाढवतो तो धूर, निकोटीन नव्हे. त्यामुळे गम चालू असला तरी सिगरेट सुटल्यावर आठवडाभरात एन्झाइम खाली येतं आणि कालपर्यंत बेताची असलेली गोळी जड पडू लागते. कॉफीचंही तेच. नेहमीचे दोन कप जास्त भिनतात, छाती धडधडते आणि खापर गमवर फुटतं.

लक्षणं कधी आली ते टिपून ठेवा. पहिल्या दोन-तीन दिवसांतली चिडचिड बहुतेक निकोटीन तुटल्याची. तीन-चार दिवसांनंतर वाढत जाणारी गुंगी, तोल जाणं हे बहुधा गोळीचं. गम चघळल्यावर लगेच मळमळ, चक्कर आली तर चावण्याचा वेग किंवा गमची मात्रा जास्त आहे.

सिगरेट सोडण्याची तारीख डॉक्टरांना आधीच सांगा आणि कॉफी निम्मी करा. अल्प्राझोलाम, डायझेपामसारखी गोळी मनानेच कमी किंवा बंद करू नका. एकदम थांबवल्यास झटके येऊ शकतात. सिगरेट पुन्हा सुरू झालीच तर लाज न बाळगता तेही डॉक्टरांना कळवा, कारण एन्झाइम परत चढतं आणि गोळी कमी पडू लागते.