टाचेतला थेंब की अख्खा जीनोम?

बाळ एक-दोन दिवसांचं झालं की नर्स टाचेला सुई टोचते आणि जन्मजात आजार तपासण्यासाठी रक्ताचे चार-पाच थेंब जाड गाळणकागदावर टिपते. 1960 च्या दशकात अमेरिकी संशोधक रॉबर्ट गथ्री यांनी रूढ केलेली ही पद्धत. पीकेयू हा चयापचयाचा जन्मजात आजार वेळेत कळला, तर केवळ आहार सांभाळून मेंदूची हानी टळते. शोधायचं तेच, ज्यावर लगेच काही करता येतं.

जीनोम सिक्वेन्सिंग मात्र बाळाचा अख्खा डीएनए, म्हणजे 300 कोटींच्या आसपास अक्षरं वाचतं. रक्तात खूण न सोडणारे दुर्मिळ आजारही त्यात सापडतात, हा फायदा खराच. पण चाळिशीत होऊ शकणाऱ्या कर्करोगाचा धोकाही त्याच फाइलमध्ये येतो, कधी आई-बाबांचासुद्धा! आणि ही फाइल फुटली तर? पासवर्ड फुटला तर बदलता येतो. जनुकं कशी बदलणार? जनुकीय माहितीवरून होणारा भेदभाव रोखणारा अमेरिकेचा 2008 चा जीना कायदा आरोग्यविमा आणि नोकरीत संरक्षण देतो, आयुर्विम्यात नाही.

टाचेचा कागदही अगदीच निरुपद्रवी नाही म्हणा. टेक्सासमध्ये पालकांच्या संमतीविना साठवलेली 50 लाखांहून अधिक कार्डं खटल्यानंतर नष्ट करावी लागली. तरी निरोगी बाळासाठी मी टाचेवरच थांबेन. बाळ अतिदक्षता विभागात असेल आणि निदान होत नसेल, तर मात्र जीनोम, तोही लगेच.