बाबासाहेबांचं १२५ रुपयांचं नाणं: पप्पांसाठी घेतलं, त्याबद्दल सविस्तर

बरेच दिवस लिहायचं राहून जात होतं. पप्पांच्या पंचाहत्तरीला काय द्यायचं ते सुचत नव्हतं, कपडे नको घड्याळ नको असं त्यांनी आधीच बजावलेलं, मग मी बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीचा नाण्यांचा सेट घेतला. त्यात १२५ रुपयांचं एक आणि १० रुपयांचं एक अशी दोन नाणी असतात, ६ डिसेंबर २०१५ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्लीत त्यांचं प्रकाशन झालं होतं. टांकसाळीचं बुकिंग केव्हाच संपलेलं, त्यामुळे एका प्रदर्शनात डीलरकडून साडेचार हजारांना घ्यावा लागला. जास्त दिले का? तेव्हाच्या चांदीच्या भावाने बघितलं तर हो. मला पश्चात्ताप नाही.

मोठं नाणं खरंच मोठं आहे, ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम, हातात घेतल्यावर लगेच कळतं की हे नेहमीच्या चिल्लरीतलं नाही. चांदी निम्मी, तांबं ४० टक्के, बाकी ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त. म्हणजे साडेसतरा ग्रॅमच चांदी, शुद्ध चांदीचं म्हणून कुणी विकत असेल तर ते खोटं आहे. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, खाली सत्यमेव जयते आणि किंमत, दुसऱ्या बाजूला बाबासाहेब. चेहऱ्याचं काम मला आवडलं, चष्म्याची काडी बोटाला लागत नाही पण तिरप्या उजेडात धरलं की स्पष्ट दिसते. कडेला २०० दाते आहेत. पप्पांनी भिंग घेऊन, कडेला पेनाने नाही तर दोऱ्याची खूण करून सगळे दाते मोजले, पहिल्यांदा १९७ भरले म्हणून परत मोजले आणि दुसऱ्यांदा बरोबर २०० आले तेव्हा कुठे चहा प्यायले.

आता हे दाते, वजन, धातू हे सगळं मला कुठून माहीत, तर गॅझेटमधून. मी बँकेत कॅशला आहे त्यामुळे या गोष्टींकडे लक्ष जातं. सरकारला मनात आलं म्हणून नाणं पाडता येत नाही, आपल्याकडे नाण्यांचा २०११ चा कायदा आहे, त्यात लिहिलंय की नाणं १००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असू शकत नाही. तेव्हा २००० च्या नाण्याचा फोटो फॉरवर्ड होऊन आला तर पुढे पाठवू नका. १००० चं मात्र खरंच निघालंय, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली तेव्हाचं. प्रत्येक स्मारक नाण्यासाठी अर्थ खातं वेगळे नियम गॅझेटमध्ये छापतं, व्यास किती, दाते किती, धातू कुठला, कुठल्या बाजूला काय लिहायचं सगळं त्यात असतं. विकत घेण्याआधी तेवढं एक पान वाचा, फुकट मिळतं.

हे मी कळवळून सांगतेय कारण दोन वर्षांपूर्वी मावशीने एका ऑनलाइन विक्रेत्याकडून बाबासाहेबांचं "सरकारमान्य सोन्याचं नाणं" मागवलं होतं. मखमली डबी, सर्टिफिकेट, सगळा थाट. आणि नाण्यावर ना सिंह ना किंमत! कायद्यात स्मारक नाणं म्हणजे सरकारने पाडलेलं आणि भारतीय चलनात किंमत असलेलं, त्यामुळे हे दोन नसतील तर ते पदक, नाणं नव्हे. मावशीने ते देवघरात ठेवलं होतं, तिला सांगताना माझ्या जिवावर आलं. पैसे परत मिळाले नाहीत. अशा लोकांचा मला मनापासून राग येतो, श्रद्धेवर धंदा करतात.

त्याच कायद्यात एक गंमत आहे जी कॅशवाल्यांनाही सगळ्यांना माहीत नसते, एक रुपयाची नोट कायद्याने नाण्यात मोडते. म्हणून तिच्यावर गव्हर्नरची नाही, वित्त सचिवांची सही असते.

१० रुपयांच्या नाण्याबद्दल. हे सेटमध्ये आहे पण चलनातही आलं, २७ मिलिमीटरचं, दोन धातूंचं. आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार घेत नव्हता, म्हणे दहाचं नाणं चालत नाही. अहो, रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की १० रुपयांची चौदाच्या चौदा डिझाइनं चालतात. एक रुपया आणि त्यावरची नाणी १००० रुपयांपर्यंतच्या रकमेला कायदेशीर चलन आहेत, त्याहून जास्त रक्कम कुणी नाण्यांत मोजून दिली तर घेण्याची सक्ती नाही. त्याला मोबाइलवर दाखवलं तेव्हा कुठे घेतलं.

आणि हो, एका नातेवाइकाने सल्ला दिला, आटवून चांदी काढ आणि पैंजण कर. नाणं आटवणं गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण पप्पांसाठी हेच नाणं का निवडलं ते सांगायचं राहिलं. बाबासाहेब म्हटलं की संविधान सगळ्यांना आठवतं, पण त्यांचा लंडनचा डीएस्सीचा प्रबंध रुपयावर होता, १९२३ मध्ये पुस्तक निघालं. १८९३ पर्यंत कुणीही चांदी टांकसाळीत नेऊन रुपये पाडून घेऊ शकायचं, त्या वर्षी इंग्रजांनी ते जनतेसाठी बंद केलं आणि किती रुपये पाडायचे ते फक्त सरकार ठरवू लागलं. रुपये जास्त झाले की त्याची किंमत घसरते आणि झळ मजुराला बसते, पगारदाराला बसते. १९२५ मध्ये चलनाच्या शाही आयोगापुढे बाबासाहेबांनी मांडलं की जनतेला टांकसाळ बंद आहे तशीच सरकारलाही पूर्ण बंद करा, रुपया पाडणं थांबवा आणि सोन्याच्या नाण्याची टांकसाळ उघडा. चौतीस वर्षांचा माणूस इंग्रज सरकारला हे सांगतोय! हे मी पप्पांना वाचून दाखवलं तेव्हा ते नाणं हातात धरून बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "हे जयंतीला सगळ्यांना सांग गं." विहारात सांगितलंसुद्धा, पोरांनी नाणं हातोहात बघितलं.

घेणार असाल तर सीलबंद कार्डासकट घ्या, सुटं घेऊ नका, चांदीला हात लागला की काळं पडतं (आम्ही मोजण्यासाठी उघडलं, ते पप्पांच्या हट्टामुळे, आता कॅप्सूल आणलीय). प्रूफ सेट आरशासारखा चकचकीत असतो पण बराच महाग, घरात ठेवायला यूएनसी, म्हणजे साध्या चकाकीचा न वापरलेला सेट, पुरे. नवीन नाणी येतात तेव्हा थेट टांकसाळीच्या साइटवर बुक करा, यायला महिने लागतात पण मूळ किमतीत मिळतं. दुकानदाराने शेवटी घेतलेलं ते १० चं नाणं सेटमधलं नव्हतं, सुट्ट्यात आलेलं होतं, तसंच अजून एक मिळालंय आणि ते पप्पांच्या खिशात असतं.