फॉके-वुल्फच्या नावाखाली साडेचौदा हजारांना फसलो, किट घेताना हे बघा

गेले तीन महिने लिहीन लिहीन म्हणत होतो पण राग इतका होता की दोन ओळी लिहून सोडून द्यायचो. आता लिहितोय कारण ज्याने मला फॉके-वुल्फ या जर्मन लढाऊ विमानाच्या प्लॅस्टिक मॉडेलचं किट म्हणून भलतंच विकलं त्याच माणसाने (नाव वेगळं, पण फोटो तेच) परत किट विकायला काढलंय, आणि आपल्याकडे स्केल मॉडेलिंग करणारी माणसं मोजकीच, त्यातलं अजून कोणी यात जाऊ नये.

आधी हे किट मला का हवं होतं ते सांगतो, नाहीतर एका प्लॅस्टिकच्या विमानासाठी एवढे पैसे का घातले असं वाटेल. माझे मामा एअरफोर्समधे एअरफ्रेम फिटर होते, सत्तरच्या दशकात जोधपूरला मारुतवर काम केलेलं. मारुत म्हणजे एचएएलचं एचएफ-२४, भारतात विकसित झालेलं पहिलं जेट फायटर, १७ जून १९६१ ला बंगलोरला पहिल्यांदा उडालं. ते डिझाईन केलं कर्ट टँक नावाच्या जर्मन माणसाने, १९५६ साली तो आपली टीम घेऊन भारतात आला होता. आणि हाच कर्ट टँक दुसऱ्या महायुद्धातल्या फॉके-वुल्फ १९० चा डिझायनर. मामांच्या साताऱ्याच्या घरी शोकेसमधे लाकडाचं मारुत आहे, रिटायर होताना युनिटमधल्या लोकांनी दिलेलं. लहानपणी सुट्टीत गेलो की मी त्याच्यासमोर बसून राहायचो, आणि पॉलिश पेपर पाण्यात भिजवून कसा फिरवायचा हे मला मामांनीच शिकवलं. यावर्षी त्यांना ७५ वर्षं पूर्ण होणार होती, तेव्हा मनात होतं की त्या मारुतशेजारी टँकचंच फॉके-वुल्फ ठेवायचं, माझ्या हाताने केलेलं.

आणि कुठलंही फॉके-वुल्फ नाही, त्याची ए-३ ही आवृत्तीच. याला कारण २३ जून १९४२ ची गोष्ट. आर्मिन फाबर नावाचा जर्मन पायलट इंग्लंडच्या दक्षिणेला स्पिटफायरशी लढताना दिशा चुकला, खाली दिसणारी ब्रिस्टलची खाडी म्हणजे इंग्लिश खाडीच असं समजून पुढे गेला आणि फ्रान्समधे पोचलो समजून वेल्समधल्या पेम्ब्रे या ब्रिटिश विमानतळावर उतरला. १९४१ पासून हे विमान ब्रिटिशांच्या स्पिटफायरला भारी पडत होतं, आणि ते असं अख्खं, धडधाकट त्यांच्या हातात पडलं. त्यांनी ते फार्नबरोला नेऊन पार तपासलं. ते विमान ए-३ होतं. मामांना ही गोष्ट मीच सांगितली होती, त्यांना इतकी आवडली की दर दिवाळीला परत सांगायला लावायचे, म्हणून तेच विमान.

आता ए-३ आणि नंतरचं ए-८ यातला फरक सांगतो कारण सगळी फसवणूक त्याच्यावरच उभी आहे. लांबून दोन्ही सारखीच दिसतात, तेच बीएमडब्ल्यू ८०१ इंजिन, १४ सिलेंडरचं, पुढे तोच जाडजूड गोल चेहरा. पण ए-५ पासून इंजिन साधारण १५ सेंटीमीटर पुढे सरकवलं त्यामुळे नाक लांब झालं. ए-७ पासून इंजिनावरच्या दोन मशीनगन बदलून मोठ्या १३ मिलीमीटरच्या घातल्या, त्या मावेनात म्हणून कॉकपिटच्या पुढच्या झाकणावर दोन ठळक फुगवटे आले. ए-३ ला तिथे लहान ७.९२ मिलीमीटरच्या गन, झाकण बरंच सपाट. ए-८ ला तर पिटो ट्यूबसुद्धा (वेग मोजायची नळी) उजव्या पंखाच्या टोकाला गेली. १:४८ मधे, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढ्या मॉडेलमधे, ते १५ सेंटीमीटर म्हणजे जेमतेम ३ मिलीमीटर. शंभरातल्या नव्व्याण्णव लोकांना हे कळणार नाही आणि कळायची गरजही नाही, पण आपण ज्यासाठी हा छंद करतो तो सगळा या ३ मिलीमीटरमधेच आहे.

नवीन किट बाहेरून मागवायचं तर शिपिंग, कस्टम धरून आकडा कुठल्या कुठे जातो हे सगळ्यांना माहितीये, म्हणून आपण बरेच जण एकमेकांच्या साठ्यातून घेतो. मीसुद्धा दहा वर्षं असंच घेत आलोय आणि एकदाही वाईट अनुभव नाही. एका ओळखीच्याने मला व्हॉट्सअ‍ॅपच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपमधे घेतलं होतं, तिथे एकाने टाकलं की परदेशी शिफ्ट होतोय, सगळा स्टॅश (जमवलेली किटं) काढतोय. त्यात एडुआर्ड कंपनीचं १:४८ ए-३, प्रोफीपॅक, म्हणजे रंगीत फोटोएच (पातळ धातूचे बारीक पार्ट) आणि मास्क (रंगवताना काच झाकायचे स्टिकर) आतच, शिवाय वेगळं घेतलेलं रेझिनचं इंजिन, पितळी गन बॅरल, आणि आरएलएम ७४, ७५, ७६ आणि कॉकपिटसाठी ६६, असा तेव्हाच्या जर्मन विमानांच्या ठराविक रंगांचा सेट. सगळं मिळून साडेचौदा हजार. स्वस्त नव्हतं, म्हणूनच संशय आला नाही. फुकटात देतोय म्हणाला असता तर मी सावध झालो असतो, पण त्याने भाव असा लावला होता जो जाणकार माणूस लावेल.

फोनवर बोललो, अर्धा तास. माणूस हिंदीत बोलत होता, मला दादा दादा म्हणत होता आणि त्याला विषय माहीत होता. फॉके-वुल्फच्या लँडिंग गिअरचे पाय समोरून बघताना आत झुकलेले असतात, तो कोन चुकला की अख्खं मॉडेल बिघडतं, हे त्यानेच मला सांगितलं. त्याला ए-३ आणि ए-८ मधला फरक व्यवस्थित माहीत होता. हे मला आज सगळ्यात जास्त लागतं. चोर बाहेरून आलेला नव्हता, आपल्यातलाच होता, ज्याने कधीतरी रात्री जागून कॉकपिटच्या डायलवर ब्रशचं एक केस टेकवलेलं असणार.

७,००० आधी जीपे केले, उरलेले ७,५०० कुरिअरचा डॉकेट नंबर आल्यावर. डॉकेट खरा होता, ट्रॅकिंग दिसत होतं, पार्सल पाचव्या दिवशी पुण्यात घरी आलं. त्याचा लगेच मेसेज, दादा मिलनेपर ओके भेज देना, मुझे टेंशन रहता है. मी ऑफिसला निघालो होतो. खोका उघडला, वरती डबा ए-३ चा, अस्सल, आत इन्स्ट्रक्शनचं पुस्तक अस्सल, खाली राखाडी स्प्रू (पार्ट जोडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटी) पिशव्यांमधे, बाजूला रेझिनची छोटी पुडी, रंगांच्या बाटल्या. मी लिहिलं मिळालं, सगळं ओके, थँक्यू. आणि डबा कपाटावर ठेवला कारण क्वार्टर एंड होता. व्हिडिओ काढला नाही.

सतरा दिवसांनी रविवारी निवांत बसलो. पहिली पिशवी फोडली आणि बंदुकांचं झाकण हातात आलं, त्यावर दोन फुगवटे. मला आधी वाटलं जास्तीचा पार्ट असेल, किटमधे दुसऱ्या व्हर्जनचे पार्ट येतातच. सपाट झाकण शोधलं, कुठेच नाही. मग फ्युजलाजचे, म्हणजे विमानाच्या धडाचे, दोन भाग घेतले, व्हर्नियर कॅलिपर लावला, ड्रॉइंगशी ताडून बघितलं तर नाक ३ मिलीमीटर जास्त. तीनदा मोजलं. मग स्प्रूच्या कडेचं लिखाण वाचलं तर ते किटच दुसऱ्या कंपनीचं, कुठलं तरी जुनं ए-८, त्यातले काही पार्ट आधीच कापून नेलेले. फोटोएचची पट्टी नाही, मास्क नाही. कॅनोपीला (कॉकपिटवरच्या काचेला) मागच्या बाजूला केसाएवढी चीर.

डिकल्स (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची चिन्हं) तरी खरी असतील म्हणून कोपऱ्यातलं एक न लागणारं स्टेन्सिल कापून कोमट पाण्यात टाकलं. डिकल मिनिटभरात कागदावरून सरकायला लागतं, हे फुगलं आणि त्याचा लगदा झाला. रंगीत प्रिंटआउट होती ती, चकचकीत कागदावर, इतकी स्वच्छ काढलेली की हातात घेऊनही कळलं नव्हतं. रेझिनचं इंजिन म्हणजे कुणीतरी मूळ इंजिनाचा साचा काढून घरी ओतलेली नक्कल, सुईच्या टोकाएवढी भोकं सगळीकडे, सिलेंडरच्या बारीक चकत्या एकमेकांत विरघळल्यासारख्या, नखाने दाबलं तर कड तुटली. रंगाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या बरोबर होत्या, आत चारपैकी तीन बाटल्यांत एकच राखाडी.

त्याला फोन केला. पहिल्यांदा उचलला, एकदम शांत आवाज. म्हणाला दादा आपने तो ओके बोला था, सतरा दिन बाद आप पार्ट बदलके मुझे फसा रहे हो. दोन मिनिटांनी त्याने माझा तोच मेसेज स्क्रीनशॉट काढून मलाच पाठवला आणि ब्लॉक केलं. ग्रुपमधून पण गेलेला.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, बँकेत जाऊन आलो. पोलिस स्टेशनला जे साहेब होते ते चांगले वागले पण त्यांनी विचारलं, विमान मागवलं होतं, विमान आलं, मग फसवणूक काय? मी त्यांच्या टेबलावर दोन्ही चित्रं ठेवून फुगवटे दाखवले. ते नीट बघत होते, पण तक्रारीत हे लिहायचं कसं हा त्यांचा प्रश्न खरा होता. आणि तेव्हा मला त्या माणसाची सगळी आखणी कळली. त्याने वीट किंवा रद्दी पाठवली असती तर केस सरळ होती. त्याने जवळजवळ बरोबर असलेली वस्तू पाठवली, वजन बरोबर, डबा बरोबर, विमानाचं नावसुद्धा बरोबर, म्हणजे बाहेरच्या कुणालाही तो दोन छंदिष्टांचा वाद वाटणार. पैसे ज्या खात्यात गेले तिथून त्याच दिवशी पुढे गेलेले. १९३० वर जितक्या लवकर फोन कराल तितके पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त असते, माझे सतरा दिवस त्या ओके मधे गेले. आजपर्यंत एक रुपया आलेला नाही, तक्रार चालू आहे.

आता फोटोंबद्दल, हे नीट वाचा. त्याने मला स्प्रूचे सहा फोटो पाठवले होते, हिरव्या कटिंग मॅटवर, एकदम साफ. मी तेव्हा ते इंटरनेटवर शोधून बघितले होते, काही सापडलं नाही म्हणून खात्री पटली. फसल्यावर परत उघडले आणि झूम केलं. स्प्रूच्या चौकटीवर पार्टचे नंबर उमटवलेले असतात ना, ते सगळे उलटे होते, आरशात दिसतात तसे. ७ उलटा, ४ उलटा, कटिंग मॅटवरचे सेंटीमीटरचे आकडे पण उलटे. कुणा परदेशी मॉडेलरचे फोटो घेऊन आडवे फिरवलेले, त्यामुळे शोधात सापडत नव्हते. मी तेच परत सुलटे करून शोधले तर दुसऱ्या मिनिटाला मूळ फोटो समोर. फोटो आला की आधी त्यातले आकडे वाचा. आणि फोटोवर थांबूच नका, व्हिडिओ कॉलवर पिशवीतून स्प्रू बाहेर काढायला सांगा आणि एखादा ठराविक पार्ट दाखवायला लावा, फॉके-वुल्फ असेल तर गनचं झाकण, मेसरश्मिट १०९ (दुसरं जर्मन लढाऊ विमान) असेल तर इंजिनाच्या वरचं काऊलिंग, कारण जी-६ पासून त्यालाही १३ मिलीमीटरच्या गनमुळे फुगवटे आलेत आणि तिथेही हाच खेळ सहज करता येतो. डिकलच्या कागदाची मागची बाजू दाखवायला सांगा. पार्सल फोडताना पत्त्याच्या लेबलपासून सलग व्हिडिओ काढा, आणि समोरचा कितीही दादा दादा करो, पिशव्या फोडून पार्ट मोजल्याशिवाय ओके हा शब्द लिहू नका. फक्त पार्सल पोचलं, तपासून सांगतो, एवढंच लिहा.

मामांना मी महिनाभर काहीच सांगितलं नव्हतं. वाढदिवसाला साताऱ्याला गेलो तेव्हा रिकाम्या हाताने गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी ते झाकण मागितलं, मी बॅगेत ठेवलं होतं, चष्मा वर करून बराच वेळ फिरवून बघितलं आणि म्हणाले, "ज्याला हा फुगवटा कळतो त्याने असं करावं?" तेवढंच बोलले आणि ते मलाच परत दिलं, शोकेसकडे बघितलंसुद्धा नाही.

दुकानातून पूर्ण किमतीला ए-३ घेतलंय, बिलासकट. कॉकपिट झालाय, साइड कन्सोल आरएलएम ६६ मधे रंगवून कडा हलक्या ड्रायब्रश केल्यात. रेझिनचं इंजिन परवडणार नाही, काऊलिंग बंदच ठेवणार.

परवा नागपूरच्या एकाने मला फोटो पाठवून विचारलं, हे घेऊ का, बारा हजार म्हणतोय. हिरवी मॅट, सहा फोटो, उलटा ४. मी त्याला म्हटलं गनचं झाकण व्हिडिओवर दाखवायला सांग. त्याने सांगितलं, आणि तिकडून दहा मिनिटं टायपिंग टायपिंग दिसत राहिलं आणि मग ते अकाउंटच गायब झालं.