ढिली चेन दाखवून अख्खा चेन सेट गळ्यात मारला

क्वाड बाइकची, म्हणजे चार जाड चाकांच्या मोकळ्या गाडीची, चेन फक्त ताणून घ्यायची होती. गॅरेजमधून बाहेर पडलो तो अख्ख्या चेन सेटचं (चेन आणि ती ज्यांच्यावर फिरते ती पुढची-मागची दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेट) बिल भरून, आणि त्या सेटमधला एक भाग तर बदललेलाच नव्हता. हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण ज्या पद्धतीने मला गंडवलं ती कुणावरही सहज चालेल.

थ्रॉटल सोडला की खालून खडखड आणि पुन्हा दिला की झटका, एवढीच तक्रार होती. मेकॅनिकने मागची बाजू उचलली, चेन बोटाने वर-खाली हलवली आणि म्हणाला, "बघा साहेब, किती लोंबतेय. संपली ही. चालत्या गाडीत तुटली तर इंजिनची केसिंग फोडेल."

केसिंगचं तो खोटं बोलत नव्हता. तुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होते आणि केसिंगला भोकही पाडू शकते. या एका खऱ्या धाकामुळेच माणूस मान डोलावतो. पण चेन लोंबते म्हणजे ती संपली, हे कुठून आलं? वापराने प्रत्येक चेन थोडी थोडी लांबतच जाते. म्हणून तर ती ताणायची सोय दिलेली असते. बऱ्याच स्पोर्ट क्वाडमध्ये मागचा एक्सल (चाकांचा दांडा) एका गोल कॅरिअरमध्ये बसवलेला असतो आणि त्याचं भोक मध्यापासून थोडं बाजूला असतं. आवळून धरणारे बोल्ट सैल करून कॅरिअर फिरवलं की एक्सल मागे सरकतो आणि चेन ताणली जाते. माझ्या गाडीत ते कॅरिअर फिरवायला अजून भरपूर वाव होता.

झीज बघायची जागाच वेगळी आहे. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाशी चेन चिमटीत धरायची आणि सरळ मागे ओढायची. दात अर्ध्याहून जास्त उघडा पडला, तर चेन गेली. दाते एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले असतील, तर स्प्रॉकेटही गेलं. माझ्यासमोर यातलं काहीही तपासलं गेलं नाही.

निघताना मी जुना माल मागितला. "भंगार घेऊन काय करणार साहेब?" असं म्हणत त्याने कुरकुरत चेन आणि पुढचं स्प्रॉकेट दिलं. मागचं म्हणे सापडत नाही. तिथेच शंका आली.

घरी चेन रॉकेलने धुतली, ताणून पट्टीवर ठेवली आणि पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत २० कड्या मोजल्या. चेन ५२० नंबरची. तिच्या एका कडीचं अंतर १५.८७५ मिमी, म्हणजे नव्या चेनच्या २० कड्या भरतात ३१७.५ मिमी. माझी भरली ३१९. एक टक्का लांबली की चेन संपली असं धरलं, तरी ३२०.७ लागतात, आणि कित्येक चेनना त्याहूनही जास्त सूट असते. म्हणजे तिचं आयुष्य अजून बाकी होतं. दोन-तीन कड्या गंजून आखडल्या होत्या, त्याही धुऊन तेल दिल्यावर मोकळ्या झाल्या.

मग गाडीखाली वाकलो. मागच्या स्प्रॉकेटच्या एका दाताला दगड लागून पडलेली खाच मला पाठ आहे. 'नव्या' स्प्रॉकेटवर तीच खाच, त्याच जागी, घासून चकचकीत केलेली! बिलावर चेन ओ-रिंगची, म्हणजे पिनांपाशी रबरी कडी असलेली, लिहिली होती. ओ-रिंग चेनच्या आतल्या आणि बाहेरच्या पट्टीच्या मध्ये प्रत्येक पिनपाशी रबराची बारीक कडा दिसते. इथे लोखंडावर लोखंड. साधी चेन बसवून ओ-रिंगचे पैसे लावले होते.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पैशांचंच नुकसान होतं. पण चेन इतकी आवळली होती की गाडीवर कुणी बसलं की ती तारेसारखी ताठ व्हायची. मागचं सस्पेन्शन दबतं तसा एक्सल पुढच्या स्प्रॉकेटपासून लांब जातो, त्यासाठी चेनमध्ये ढील ठेवावीच लागते. स्पोर्ट क्वाडना ती बहुतेक वेळा २५ ते ४० मिमीच्या दरम्यान सांगितलेली असते. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघावा. चाक फिरवत चेन जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथे तो मोजायचा. ढील नसली की सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या आणि एक्सलच्या बेअरिंगवर येतो. ती बेअरिंग गेली असती तर पुन्हा त्याच गॅरेजात जाणं आलं, आणि पुन्हा बिल. मला याचाच सगळ्यात जास्त संताप आला.

जुनी चेन, पट्टी आणि बिल घेऊन परत गेलो. आवाज चढवला नाही. इतर गिऱ्हाइकांसमोर काउंटरवर चेन पसरून पट्टी लावली आणि खाच असलेला दात दाखवला. "पोराकडून चुकून झालं असेल," एवढंच उत्तर मिळालं. चेनचे आणि मागच्या स्प्रॉकेटचे पैसे परत आले, मजुरीचे नाही.

आता जुनीच चेन पुन्हा चढवली आहे. जोडकडी (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) मात्र नवी घेतली, आणि तिच्या क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला आहे हे स्वतः बघितलं. ढील आता मीच ठेवतो. कॅरिअरचे बोल्ट आवळल्यावर ती पुन्हा एकदा मोजतो, कारण आवळताना कॅरिअर थोडं सरकतं.