छोट्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेड : आठ महिन्यांनंतर

परवा प्रॅक्टिकलला जॉब, म्हणजे घासायचा लोखंडाचा तुकडा, व्हाइसमध्ये (शिकंज्यात) बांधला, फाइल म्हणजे कानस मारायला घेतली, तर ती लोखंडावरून नुसती सरकत राहिली. दहा मिनिटांत चिमूटभर किस पडला नाही. त्याच रागात लिहायला बसलोय.

सरकारी आयटीआयच्या यादीत माझा नंबर थोडक्यात हुकला, म्हणून ऑगस्टपासून तालुक्यातल्या एका छोट्या खाजगी आयटीआयला आहे. वीस जणांची बॅच, दोन वर्षं. फी सरकारीपेक्षा कितीतरी जास्त, बाबांनी तीन हप्त्यांत भरली. म्हणून तिथली प्रत्येक वस्तू मी मोजूनच बघतो.

आणि मोजल्यावर कळलं, बारा इंची बास्टर्ड (मध्यम जाड दातांच्या) फाइल कामाच्या फक्त सात. बाकीच्यांचे दात गेलेत. बोथट फाइलला जोर जास्त लागतो, जोर लावला की हात डुलतो, कडा उतरतात आणि मधे फुगवटा राहतो. ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायची पट्टी) लावून खिडकीकडे धरा, दोन्ही कडांना उजेडाची फट दिसते. मार्क तिथेच जातात. सकाळी एसटी पाच मिनिटं उशिरा पोचली तर चांगल्या सात संपलेल्या असतात. भोकं पाडायचं पिलर ड्रिल मशीन दीड महिना बंद होतं, त्याचं मला एवढं वाईट वाटलं नाही.

दिवाळीपर्यंत मी घरी 'फसलो' असंच सांगत होतो. दोन महिने नुसतं फायलिंग, मशीनला हात नाही. आता तसं म्हणणार नाही. एके दिवशी सर मागे येऊन उभे राहिले, खडूने फरशीवर माझ्या पायांच्या जागा आखल्या, कोपर धरून दहा-बारा स्ट्रोक स्वतः मारून घेतले. मग तोच खडू फाइलवर चोळायला लावला, म्हणजे किस दातांत अडकत नाही. त्या आठवड्यात माझा पहिला चौकोन काटकोनात बसला. विसांपैकी कोणाचा हात कुठे चुकतो हे आमच्या सरांना तोंडपाठ आहे. छोट्या जागेत मिळालेली ही गोष्ट मला फीइतकीच मोलाची वाटते.

प्रवेश घेणाऱ्यांनो, ट्रेडला केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी) संलग्नता आहे का ते कागदावर बघा, तोंडी ऐकू नका. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, त्यामुळे गाडीची वेळ आधी जुळवा. एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, बोनाफाइड पहिल्याच आठवड्यात मागा. पास झाल्यावर अप्रेंटिसशिप करता येते, किंवा डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. मी अप्रेंटिसशिपच करणार, घरात पगार लवकर यायला हवा.

आणि फी भरायच्या आधी टूल क्रिब, म्हणजे हत्यारांची खोली, उघडायला लावा. फाइलच्या दातांवरून अंगठ्याचं नख आडवं हळूच फिरवा. नख अडकत गेलं तर ठीक, गुळगुळीत सरकलं तर नव्या फाइल कधी येणार ते प्राचार्यांना तिथेच विचारा. मी विचारलं नव्हतं.

शेवटी काल स्वतःच्या पैशाने एक फाइल घेतली, ३४० रुपये. नवी फाइल आधी पितळेवर चालवायची, एकदम लोखंडावर नाही, असं सर म्हणाले. पितळेचा तुकडाही त्यांनीच कपाटातून काढून दिला. मुठीला लाल सुतळी गुंडाळली आहे, म्हणजे क्रिबमधल्या फाइलमध्ये मिसळणार नाही.