यूटू की थिन लिझी? आणि मग रॉरीचं काय?

क्रॅनबेरीजचं ‘झॉम्बी’ आणि यूटूचं ‘विथ ऑर विदाउट यू’ एवढी दोन गाणी पाठ आहेत, आता आयरिश रॉक जरा नीट ऐकायचंय, तर सुरुवात कोणापासून करू? असं विचारणाऱ्याला लोक सरळ यूटूकडे पाठवतात. त्यात चूक काही नाही, पण मी नाही पाठवणार. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत ताटकळायला नको. बँड म्हणाल तर थिन लिझी, एकटा माणूस म्हणाल तर गिटारवादक रॉरी गॅलहर. (आडनावातला ‘घ’ तिकडे कोणी उच्चारत नाही.)

आता यूटूची बाजू, कारण ती भक्कम आहे. १९७६ साली डब्लिनच्या माउंट टेंपल शाळेत चौदा वर्षांच्या लॅरी मलननं फलकावर चिठ्ठी लावली: बँड काढायचाय, कोणी येतंय का? त्यातून जमलेले चौघे आजही तेच आहेत. आपल्याकडे सोसायटीची कमिटी पाच वर्षं धड टिकत नाही! बावीस ग्रॅमी, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही बँडला मिळाले नाहीत इतके. १५ डिसेंबर २०१९ ला ते नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आले तेव्हा मी तिथे होतो. सुरुवातीला मोठा पडदा काळाच होता. लॅरी एकटाच चालत पुढच्या छोट्या मंचावर आला, ड्रमवर बसला आणि ‘संडे ब्लडी संडे’चा ठेका धरला. बाकीचे मागाहून आले. ज्याच्या चिठ्ठीवर बँड उभा राहिला तोच आधी येतो, हे मला फार आवडलं. पुढे ‘द जोशुआ ट्री’ हा १९८७ चा अख्खा अल्बम क्रमानं वाजला, ए. आर. रहमानही येऊन गेला.

यूटूचा गिटारवादक एज, त्याच्या वाजवण्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण यूटूचं सगळं मर्म तिथे आहे. तो वेगानं वाजवणारा गडी नाही. तो सूर छेडतो, डिलेचं यंत्र तोच सूर पाऊण मात्रेनं परत पाठवतं, आणि ती प्रतिध्वनी नेमकी त्याच्या दोन सुरांमधल्या मोकळ्या जागेत जाऊन बसते. हात दुगुनीत चाललेला असतो, कानावर चौगुन येते. तबल्याच्या क्लासला चार वर्षं काढलेल्या माणसाला हा हिशेब कळल्यावर जो आनंद होतो, तो मी विसरणार नाही.

मग पहिला नंबर का नाही? एक कारण किरकोळ आहे: २०१४ साली त्यांनी नवा अल्बम जगभरच्या आयट्यून्सवाल्यांच्या खात्यात न विचारता टाकून दिला. शेजाऱ्यानं आपल्या हॉलमध्ये येऊन स्वतःची सीडी लावून जावं, तसा प्रकार. खरं कारण वेगळं आहे. यूटूचं सर्वोत्तम काम ब्रायन ईनो हा इंग्रज आणि डॅनियल लॅन्वा हा कॅनेडियन या दोन निर्मात्यांसोबत घडलं आणि ‘जोशुआ ट्री’चं सगळं लक्ष अमेरिकेकडे लागलेलं आहे. ते संगीत कुठूनही आलेलं असू शकतं. जगभर चाललं ते बहुधा त्यामुळेच.

थिन लिझी कुठूनही आलेली असू शकत नाही. गंमत अशी, की जन्मदाखले तपासले तर हाच बँड नापास होईल. त्यांचा गायक आणि बास वाजवणारा फिल लायनट, त्याचा जन्म इंग्लंडमधल्या वेस्ट ब्रॉमिचचा, वडील ब्रिटिश गयानाचे. वाढला मात्र आजीकडे, डब्लिनच्या क्रमलिनमध्ये. गाजलेल्या काळातले दोन गिटारवादक म्हणजे ब्रायन रॉबर्टसन स्कॉटलंडचा आणि स्कॉट गोरम कॅलिफोर्नियाचा. (दाखलेच बघायचे तर यूटूतले एज आणि अ‍ॅडम क्लेटनही इंग्लंडमध्येच जन्मलेले.) तेव्हा दाखला राहू द्या, गाणं कुठून येतं ते बघा. ‘व्हिस्की इन द जार’ हे कॉर्क-केरीच्या डोंगरातल्या वाटमाऱ्याचं जुनं लोकगीत. १९७२ च्या अखेरीस लिझीनं ते बाहेर काढलं, तेव्हा या दोघांच्या आधीच्या एरिक बेलच्या गिटारनं त्याला जी सुरावट दिली तीच आता त्या गाण्याची ओळख होऊन बसली आहे. मेटालिकानं १९९८ मध्ये तेच गाणं केलं, त्यातही ती आहेच. आपल्याकडे कुणी पोवाडा ड्रम-गिटारवर घेतला तर लोक नाकं मुरडतील, पण लायनटनं हे केलं आणि पबमधल्या म्हाताऱ्यांपासून लेदर जॅकेटवाल्या पोरांपर्यंत सगळ्यांनी ते आपलं मानलं.

दुसरी गोष्ट जोडगिटारीची. एक गिटार षड्जावरून निघाली की दुसरी तीच ओळ गंधारावरून धरते, आणि दोघी हातात हात घालून वर चढतात. ‘द बॉइज आर बॅक इन टाउन’ लावा, कडव्यांच्या मध्ये ऐकू येईल. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडच्या चाहत्यांना हे ओळखीचं वाटेल, कारण ते इथूनच तिकडे गेलं.

लिझीची उणी बाजूही आहे. अल्बम एकसंध नाहीत. ‘जेलब्रेक’ (१९७६) सोडला तर प्रत्येकात दोन-तीन गाणी भरतीची आहेत. ‘लाइव्ह अँड डेंजरस’ (१९७८) अप्रतिम, पण त्यातलं किती खरोखर मंचावरचं आणि किती नंतर स्टुडिओत भरलेलं, यावर लोक अजून भांडतात. मी तो वाद सोडून दिला आहे. लायनट १९८६ च्या ४ जानेवारीला गेला, छत्तीस वर्षांचा. ड्रग्जनी आधीच पोखरला होता.

आता एकट्यांची जोडी: रॉरी गॅलहर आणि व्हॅन मॉरिसन. दोघंही शोबँडमधून आले. शोबँड म्हणजे आपल्याकडचा ऑर्केस्ट्राच: सूट घालायचा, चालू हिट गाणी हुबेहूब वाजवायची, गावोगावचे नाचाचे हॉल भरायचे. साठच्या दशकात आयर्लंडमध्ये वादकाला पोट भरायचं तर दुसरी वाट फारशी नव्हतीच.

बेलफास्टचा मॉरिसन त्यातून निघून ‘देम’ या बँडमध्ये गेला, तीन कॉर्डवर ‘ग्लोरिया’ लिहिलं, आणि १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये जॅझ वादकांना घेऊन ‘अ‍ॅस्ट्रल वीक्स’ केला. निव्वळ कलाकृती म्हणून या सबंध लेखात त्याच्या जवळपास जाणारं काही नाही, हे मी मान्य करतो. पण त्याला रॉक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिथे डबल बेस पुढे आहे आणि गाणारा माणूस स्वतःच्याच तंद्रीत आहे. ज्यांना शब्द आणि तंद्री हवी त्यांनी बेलाशक इथून सुरुवात करावी, मंचावरचा तुसडेपणा पोटात घालायची तयारी ठेवून.

रॉरी कॉर्कमध्ये वाढला. १९६३ मध्ये पंधरा वर्षांच्या या पोरानं तिथल्या क्रॉलीच्या दुकानातून शंभर पौंडांची जुनी स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार हप्त्यांवर उचलली. तिचा जवळून काढलेला फोटो एकदा बघा. रंग जवळजवळ गेलेला, आतलं लाकूड उघडं पडलेलं, जुन्या पाटासारखं. आयुष्यभराचा घाम आहे तो. १९७५ च्या सुरुवातीला रोलिंग स्टोन्सनी त्याला रॉटरडॅमला वाजवून बघायला बोलावलं. तो गेला, वाजवलं, आणि आपला जपानचा दौरा ठरलाय म्हणून निघून आला. चेक शर्ट, जीन्स, सिंगल्स काढायला नकार. गीतकार म्हणून तो लायनटच्या खाली, हे खरं. पण सत्तरच्या दशकात उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचारात, बॉम्बस्फोटांना घाबरून बाहेरचे बँड बेलफास्टला फिरकत नव्हते, तेव्हा हा वर्षामागून वर्षं अल्स्टर हॉलमध्ये वाजवत राहिला. तो धोका कागदावरचा नव्हता. जुलै १९७५ मध्ये मायामी शोबँड कार्यक्रम आटोपून परतत असताना वाटेत त्यातल्या तिघांची हत्या झाली. ‘आयरिश टूर ७४’ मध्ये बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्कची रेकॉर्डिंग आहेत. ‘अ मिलियन माइल्स अवे’मध्ये तो गिटारचा आवाज अगदी खाली आणतो, लोक गप्प होतात, आणि मग ती लाट परत येते. त्या नऊ-साडेनऊ मिनिटांसाठी मी यूटूचे बावीस ग्रॅमी सोडायला तयार आहे.

क्रॅनबेरीजवर अन्याय करतोय याची जाणीव आहे. त्यांची गायिका, लिमरिकच्या डोलोरेस ओरिओर्डनचा आवाज वरच्या सुरात जिथे तुटतो, ती जागा तिच्याशिवाय कुणालाच जमली नाही. इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनच्या १९९३ च्या बॉम्बस्फोटात दोन मुलं गेली, त्यावरचं ‘झॉम्बी’ आपल्या हॉस्टेलांत मात्र ‘चार कॉर्डवालं सोपं गाणं’ म्हणून शिकवलं जातं. पण पहिले दोन अल्बम सोडून पुढे माझं मन रमत नाही. पोग्ज हा बँड, तो लंडनमध्ये जमला आणि त्यांचा सगळा जीव लोकसंगीतात, त्यांना वेगळा लेख लागेल. डेरीच्या अंडरटोन्सचं ‘टीनएज किक्स’ अडीच मिनिटांचं आहे, ते आत्ताच ऐकून टाका.

तर, ठरवायचं कसं? गाडीत चौघं असतील आणि प्रत्येकाची आवड वेगळी असेल तर ‘जोशुआ ट्री’, भांडण होणार नाही. गिटार शिकताय, की आयर्लंड नेमकं कसं ऐकू येतं ते हवंय? ‘जेलब्रेक’. रात्री एकटे असाल तर मॉरिसन. आणि एकच अल्बम विकत घ्यायचा असेल तर ‘आयरिश टूर ७४’, हेडफोनवर नाही, स्पीकरवर, शेजाऱ्यांना आधी सांगून.

रॉरी १९९५ मध्ये गेला, सत्तेचाळीस वर्षांचा. त्याची ती उडालेल्या रंगाची स्ट्रॅटोकास्टर ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनला लिलावात निघाली आणि जवळपास ९ लाख पौंडांना गेली. घेणाऱ्यांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली.