कृष्णविवराच्या प्रकल्पासाठी अ‍ॅस्ट्रोसॅट की चंद्रा?

शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करणाऱ्या माझ्या भाचीपुढे, कृष्णविवरात पडणाऱ्या द्रव्याच्या क्ष-किरणांवर प्रकल्प करताना भारताची अ‍ॅस्ट्रोसॅट आणि नासाची चंद्रा या अवकाशातील दुर्बिणींपैकी कोणत्या दुर्बिणीच्या नोंदी वापराव्यात, हा प्रश्न आहे. खर्चाचा मुद्दा इथे उरत नाही, कारण दोन्हींच्या जुन्या नोंदी आणि आज्ञावल्या विनामूल्य मिळतात.

खरा फरक वेळेच्या मोजमापात आहे. द्रव्य आत पडताना त्याची कृष्णविवराभोवती फिरणारी तबकडी सुमारे एक कोटी अंशांपर्यंत तापते आणि तिचा प्रकाश सेकंदाच्या अंशात हेलकावतो. जीआरएस १९१५+१०५ या कृष्णविवराच्या बाबतीत तर सेकंदाला सुमारे ६७ वेळा. २०१५ साली सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरील लॅक्सपीसी हे क्ष-किरण मोजणारे उपकरण ३ ते ८० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेपर्यंतचे किरण टिपते आणि प्रत्येक फोटॉनची वेळ १० मायक्रोसेकंदांपर्यंत नोंदवते. चंद्राच्या मुख्य कॅमेऱ्याची नेहमीची चौकट, म्हणजे एक चित्र टिपण्याचा काळ, ३.२ सेकंदांची असते. तेजस्वी स्रोत असला की एकाच चौकटीत अनेक फोटॉन एकमेकांवर पडतात आणि वर्णपट बिघडतो.

स्पष्टतेत मात्र चंद्राला तोड नाही. अर्ध्या कोनीय सेकंदाइतके (एक कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) बारकावे ती दाखवते, तर लॅक्सपीसी चित्र काढतच नाही.

मेहनतीच्या दृष्टीने चंद्राची मार्गदर्शिका अधिक नीटनेटकी आहे. पण अ‍ॅस्ट्रोसॅटसाठी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रात साहाय्य कक्ष उभारला गेला, ही कोल्हापूरकरांची सोय मी कमी लेखणार नाही.

ताऱ्यांपासून बनलेल्या (तारकीय) कृष्णविवरांची थरथर मोजायची असेल, तर अ‍ॅस्ट्रोसॅट घ्यावे. एम८७ या दीर्घिकेच्या केंद्रातून निघणारा झोत किंवा दीर्घिकांची गर्दीची केंद्रे पाहायची असतील, तर चंद्रा. भाचीचा कल पहिल्याकडे आहे आणि माझ्या मते तो योग्यच आहे.